जात्यापाशी दोन पिढ्या

चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात अशी नोंद आहे. ग्रंथ 1129च्या सुमाराचा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या जवळपास 160 वर्षं आधीचा. पोथीत शिरण्याआधी ओवी बायकांच्या कामाला जुंपलेली होती, एवढं त्यावरून कळतं. पुढे साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे संग्रह काढले आणि 1980च्या दशकापासून हेमा राईरकर व गी पॉइट्वाँ यांनी गावोगावच्या बायकांसोबत एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या. एवढा साठा समोर असताना ओवीला नुसतं ‘श्रमगीत’ म्हणून बाजूला ठेवणं मला पटत नाही. कांडताना तशाच दळतानाही बायका ओव्या गात आणि जात्याच्या खुंट्याला बहुधा दोघी बसत. मायलेकी, जावाजावा, सासूसून. एकीने ओवी उचलायची, दुसरीने मागे धरायची. वयाने आणि अधिकाराने असमान असलेल्या दोघींना रोज पहाटे एकच लय सांभाळावी लागे. त्यांच्या मनाला यातून काही मिळत असेल, तर ते गोड गळ्यामुळे किंवा नुसत्या सहवासामुळे नव्हे. थोरलीपाशी साठलेल्या ओव्या धाकटीला हव्या होत्या आणि थोरलीला धाकटीच्या हाताचा जोर हवा होता. आधार होता तो या गरजेचा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ओवीवर कुणाचंच नाव नसे. नव्या सुनेने सासरचा जाच सरळ शब्दांत सांगितला असता तर ती तक्रार झाली असती आणि तिचा जाबही तिलाच द्यावा लागला असता. तेच दुःख आजीकडून आलेल्या ओवीत गायलं की ते परंपरेचं होई. सासूला हरकत घेता येत नसे, कारण त्याच ओव्या तिने स्वतः सून असताना गायलेल्या असत. माहेरची ओढ, भावाची वाट पाहणं, बापाने दूर दिल्याचा राग, मूल न होण्याची टोचणी, हे सगळं या ओव्यांत वारंवार येतं. घरात ज्याला जागा नव्हती ते जात्यापाशी उच्चारता येत होतं आणि ऐकणारी बाई दोन हातांवर बसलेली असे. दोन पिढ्यांनी एकत्र गाण्याचा मनाशी काही संबंध असेल तर तो मला इथे सर्वात स्पष्ट दिसतो.

याला पहिला आक्षेप सरळ आहे: हे सारं कष्टाचं उदात्तीकरण. पहाटे उठून घरभराचं दळण दळणं ही सक्ती होती, आणि पिठाची गिरणी गावात आल्यावर बायकांनी जातं सोडलं ते अगदी योग्यच केलं. जातं परत आणा असं म्हणणाऱ्याने आधी आठवडाभर स्वतः दळून पाहावं. पण ओवीचं बळ कष्टात असतं तर ती जात्यासोबतच संपली असती. दळण थांबल्यावरही असंख्य बायकांना ओव्या पाठ होत्या, म्हणून तर त्या नोंदवता आल्या. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. गाण्यात राग ओतला की तो निवतो, सासूचं राज्य तसंच राहतं. मग हे स्वास्थ्य म्हणायचं की सोशिकपणाची सवय? यात तथ्य आहे आणि ते मान्य करावं लागतं. मात्र ओवी फक्त थोरलीकडून धाकटीकडे वाहत नव्हती, बायका तिच्यात नवंही रचत. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव भागात दलित बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्या नोंदवल्या गेल्या आहेत. जुन्या चालीत नवा माणूस आला, नवा अभिमान आला. ज्या साच्यात असं काही मावतं त्याला नुसतं वाफ सोडण्याचं झाकण म्हणता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019मध्ये 3,000हून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कला आणि आरोग्य यांचं नातं मांडलं. त्यातल्या समूहगायनावरच्या निष्कर्षांवरून जात्याबद्दल थेट काही सिद्ध होत नाही. गायनवृंदात माणूस आपल्या मर्जीने जातो, जात्यावर मर्जीचा प्रश्नच नव्हता. तरी आज दोन पिढ्यांना कलेतून जोडण्याचे उपक्रम आखणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. शाळेची मुलं वृद्धाश्रमात जाऊन नाच दाखवतात तेव्हा म्हातारी माणसं प्रेक्षक होतात. टाळ्या वाजवण्यापलीकडे त्यांच्याकडून कुणाला काही नको असतं. याउलट लग्नघरी हळद दळायला जातं मांडलं जातं आणि पुढची ओवी फक्त आजीलाच येत असते, तेव्हा नातीला थांबून विचारावंच लागतं. त्याच जागी मोबाइलवर हळदीची गाणी लावली की विधी पुरा होतो, मजाही येते, फक्त आजीला विचारायचं कारण उरत नाही.