आजानुबाहू कोळी: वरव्याच्या बांधापासून येमेनपर्यंत

हेडफोन लावलेत ना? आज गड नाही, तह नाही, तलवार नाही. आजचा इतिहास आठ पायांचा आहे.

मी वरवे बुद्रुकचा. भोर तालुक्यातलं, पुणे-सातारा हायवेला लागून असलेलं गाव. आठवीत होतो तेव्हाची गोष्ट. मृगाचा पाऊस पडून गेला होता, लाईट गेलेली. पडवीत बघतो तर एक केसाळ कोळी. पाय लांब, पोट बारीक. मी चप्पल उचलली. आजी म्हणाली, "सुपलीत घे आन् बांधावर सोड, काय करतंय ते?" मी ऐकलं नाही. एका फटक्यात काम संपलं आणि मला फार मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे 2025 ची एक बातमी. अलिरेझा झमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अरबस्तान आणि आफ्रिकेच्या शिंगातल्या टॅरंटुलांची एक नवी प्रजातीच, म्हणजे जीनस, जाहीर केली. नाव सॅटायरेक्स. त्यातला सगळ्यात दांडगा सॅटायरेक्स फेरॉक्स. त्याच्या पायांचा पसारा 14 सेंटीमीटर आणि तोंडाजवळचे दोन 'हात' तब्बल 5 सेंटीमीटर!

हात म्हणजे काय, ते सांगतो. कोळ्याला आठ पायांशिवाय पुढे दोन छोटे अवयव असतात, त्यांना पाल्प म्हणतात. वयात आलेला नर एक लहानसं जाळं विणतो, त्यावर वीर्याचा थेंब सोडतो आणि पाल्पच्या टोकाला असलेल्या फुग्यात तो भरून घेतो. मग निघतो मादीच्या शोधात. मादी चिडली तर नवरदेवाचंच जेवण होतं. संशोधकांचा अंदाज असा, की हात लांब असले तर नराला मादीच्या दातांपासून जरा अंतर राखून काम उरकता येतं. आपल्या भाषेत सांगायचं तर हा आजानुबाहू कोळी!

आता इतिहासाची गंमत बघा. हे लांब हात पहिल्यांदा 2025 मध्ये दिसले असं नाही. 1903 मध्येच लंडनच्या रेजिनाल्ड पोकॉकने येमेनच्या एका कोळ्याला 'लाँगिमॅनस' नाव दिलं होतं. अर्थ सरळ आहे, लांब हाताचा. पण त्याने तो मोनोसेंट्रोपस या जुन्याच प्रजातीत टाकला. नाव बरोबर होतं, घर चुकलं होतं. ते घर बदलायला 122 वर्षं गेली.

हा पोकॉक आपल्याला परका नाही. 1883 मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. तिच्या जर्नलमध्ये 1899 साली पोकॉकने भारतातल्या कितीतरी कोळ्यांचं पहिलं वर्णन छापलं. 1900 मध्ये त्याचा भारतातल्या कोळी-विंचवांवरचा मोठा ग्रंथ आला. एका कोळ्याला त्याने मिलार्डचं नाव दिलं. हा मिलार्ड मुंबईतल्या दारूच्या कंपनीत काम करायचा आणि सोसायटीचा खंदा कार्यकर्ता होता. पण बांधावर, दगडाखाली तो कोळी दाखवणारे गडी कोण होते? त्यांची नावं कुठल्याच कोळ्याला मिळाली नाहीत. मला ही गोष्ट खटकते.

मग 2014 मध्ये झीशान मिर्झा, राजेश सानप आणि हर्षल भोसले यांनी पश्चिम घाटातल्या पाच नव्या जातींचं वर्णन केलं. एकीचं नाव आंबोलीवरून, एकीचं मुंबईच्या आरेवरून. एका नव्या प्रजातीच्या नावात तर सह्याद्रीच आला! आणि त्यांनी या कोळ्यांना ज्या उपकुळात ठेवलं, त्याच उपकुळात येमेनचा तो लांबहात्या आहे.

आता येमेन कुठे, सह्याद्री कुठे? पण कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, मादागास्कर हे एकाच गोंडवन भूखंडाचे तुकडे होते. पुढे भारत सुटला, बेटासारखा सरकत आशियाला धडकला. 2021 च्या एका जनुकीय अभ्यासाने सांगितलं, की टॅरंटुला भारताबरोबर आले आणि इथून दोन वेळा वेगवेगळे आशियात पसरले. म्हणजे आपल्या बांधातला कोळी शिवकाळापेक्षाच काय, हिमालयापेक्षा जुन्या घराण्यातला आहे.

पण बांध राहतोय का? आमच्याकडे हायवेच्या दोन्ही बाजूंनी प्लॉटिंग चालू आहे. जेसीबी एका सकाळी अख्खा बांध सपाट करतो. टॅरंटुलाची मादी वर्षानुवर्षं एकाच बिळात राहते, पळून कुठे जाणार? ज्याला अजून नावच मिळालेलं नाही असा एखादा कोळी त्या मातीत असेल, तर तो गेलेलाही कुणाला कळणार नाही.

आणि तो पडवीतला? लांब पाय, बारीक पोट, पहिला पाऊस. आता वाटतं, तो वयात आलेला नर असणार, मादी शोधत फिरणारा. चावायला नाही, लग्नाला निघाला होता. मी नवरदेव मारला.

तर एवढंच करा. कोळी दिसला तर हात लावू नका, मारूही नका. सुपली किंवा डबा घ्या, अलगद बांधावर सोडा. फोटो जरूर काढा, पण लोकेशन टाकू नका. पाळायला कोळी विकणारेही मोबाईल बघतात.

आजी आता नाही. तिचं म्हणणं मात्र मी दर पावसाळ्यात ऐकतो. सुपली दाराशीच असते.

भेटू पुढच्या भागात!