44,100 ची कुळकथा

डोंबिवलीतल्या जुन्या मैफलीची कॅसेट सेकंदाला 44,100 नमुने घेऊन संगणकावर उतरवली आणि फक्त 48,000 वर चालणाऱ्या यूएसबी साउंड कार्डावर दर न बदलता वाजवली, तर काळी एकचं गाणं पांढरी दोन ओलांडून काळी दोनकडे सरकतं. लयही चढते. हे टाळायला लिनक्सला दर 147 नमुन्यांचे 160 करावे लागतात. या अवघड हिशेबाचं मूळ टीव्हीच्या चित्रात आहे.

1970 च्या दशकाच्या अखेरीस डिजिटल आवाज मावेल एवढी जागा व्हिडिओ टेपवर होती. सोनीच्या यंत्रांनी आवाजाचे आकडे काळ्या-पांढऱ्या खुणा करून चित्राच्या ओळींत लिहिले, एका ओळीत तीन नमुने. जपान-अमेरिकेच्या पद्धतीत अर्धचित्रं सेकंदाला 60 आणि प्रत्येकातल्या वापरायच्या ओळी 245. तिन्हींचा गुणाकार 44,100. आपल्या दूरदर्शनच्या 625 ओळींच्या पद्धतीत अर्धचित्रं 50, ओळी 294, आणि गुणाकार तोच! मला हा मेळ फार सुंदर वाटतो. कानाला ऐकू येणाऱ्या 20,000 हर्ट्झच्या दुपटीहून हा आकडा थोडा जास्त, म्हणजे तीही अट पुरी झाली. 1982 मध्ये बाजारात आलेल्या सीडीने तो घराघरांत नेला. व्हिडिओच्या कामात मात्र 48,000 रुजला. त्याला 24, 25 आणि 30 या तिन्हींनी निःशेष भाग जातो.

1998 च्या यूएसबी ध्वनी-मानकात साध्या गतीला दर मिलिसेकंदाला एक पुडकं जातं. त्यात 48 नमुने नेमके बसतात, 44.1 कसे बसणार? म्हणून नऊ पुडक्यांत 44 आणि दहाव्यात 45.

लिनक्समध्ये आल्सा या ध्वनी-व्यवस्थेचा डीमिक्स हा भाग अनेक आवाज एकत्र करताना सगळ्यांना सहसा 48,000 वर आणतो. दोन नमुन्यांमध्ये सरळ रेषा ओढून मधला आकडा काढणं ही सर्वांत सोपी पद्धत, पण तिने वरच्या पट्टीत खोटे स्वर मिसळतात. एरिक द कास्त्रो लोपो यांच्या लिबसॅम्पलरेटने आणि स्पीक्सच्या रूपांतरकाने हे काम नीट गाळणीतून करायची सोय दिली. आजचं पाइपवायर हे ध्वनी-सॉफ्टवेअरही मुळात 48,000 वर चालतं. परवानगीच्या दरांत 44,100 जोडला आणि कार्डाला तो झेपत असला, तर दुसरं काही वाजत नसताना ते दरच बदलतं, नमुन्यांना हात लावत नाही.

ऐकताना झालेलं रूपांतर तेवढ्यापुरतं असतं, ध्वनिमुद्रणातलं मात्र फाइलमध्ये कायमचं बसतं. आल्साच्या ‘प्लगएचडब्ल्यू’ नावाने कार्ड उघडलं, तर त्याला न जमणारा दर न सांगता बदलून मिळतो. ‘एचडब्ल्यू’ने उघडलं तर तो मिळतच नाही. कॅसेट उतरवताना ‘एचडब्ल्यू’च वापरावं आणि कार्डाचा जो दर असेल तोच ठेवावा.