ॲलिगेटरची उडी

ॲलिगेटरची उडी म्हणजे ॲलिगेटर या सरीसृपाने शेपटीच्या जोरावर पाण्यातून उभ्या दिशेने शरीर बाहेर झोकून देण्याची क्रिया होय. मोठा अमेरिकन ॲलिगेटर अशा रीतीने पाण्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ४ ते ५ फूट उंचीवरील भक्ष्य पकडू शकतो. बेडूक किंवा मांजर यांच्याप्रमाणे पाय जमिनीवर रेटून घेतलेली ही उडी नसते, त्यामुळे काटेकोर अर्थाने तिला पोहण्याचाच एक प्रकार म्हणणे अधिक योग्य ठरते.

प्रजाती

ॲलिगेटरच्या दोनच प्रजाती आज अस्तित्वात आहेत. अमेरिकन ॲलिगेटर (ॲलिगेटर मिसिसिपिएन्सिस) अमेरिकेच्या आग्नेय भागात, विशेषतः फ्लोरिडा व लुईझियाना राज्यांत, आढळतो. चिनी ॲलिगेटर आकाराने बराच लहान असून यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यापुरता उरला आहे. प्रस्तुत लेखातील माहिती मुख्यतः अमेरिकन प्रजातीची आहे. मराठीत ॲलिगेटरलाही सर्रास ‘मगर’ म्हटले जाते. परंतु सांगलीजवळ कृष्णेत किंवा चिपळूणजवळ वाशिष्ठीत दिसणारी मगर वेगळ्या कुळातील आहे. भारतात ॲलिगेटर निसर्गतः आढळत नाही.

यंत्रणा

ॲलिगेटरच्या एकूण लांबीपैकी जवळपास निम्मी लांबी शेपटीची असते. शेपूट दोन्ही बाजूंनी चपटी असून तिच्यात स्नायूंचे जाड थर असतात. नेहमीच्या पोहण्यात पाय अंगालगत दुमडून शेपूट डावीकडे-उजवीकडे नागमोडी हलवली जाते व शरीर पुढे सरकते. उडी घेताना हीच हालचाल केली जाते, फक्त शरीराची दिशा बदलते. प्राणी डोके वर आणि शेपूट खाली अशा स्थितीत येतो आणि शेपटीचे जलद तडाखे देतो. मागे ढकलल्या जाणाऱ्या पाण्याची प्रतिक्रिया म्हणून शरीर वर उचलले जाते.

शेपटीचा पुरेसा भाग पाण्यात असेपर्यंतच हा जोर मिळतो. शरीर जसजसे बाहेर येते तसतसा पाण्याचा आधार कमी होतो, वजनाचा भार वाढतो आणि ढकलण्यासाठी उपलब्ध असलेली शेपटीची लांबीही घटते. म्हणूनच बहुतेक उड्यांत धड बाहेर येते, पण शेपटीचे टोक पाण्यातच राहते. उडीची उंची प्राण्याच्या लांबीशी निगडित असण्याचे कारणही हेच. पाणी उथळ असल्यास शरीर उभे करण्यास जागा मिळत नाही. मात्र तेथे मागील पाय तळाशी रेटता येतात.

पाण्यात शरीर तिरपे किंवा उभे करण्यासाठी ॲलिगेटर श्वसनाच्या स्नायूंचाही उपयोग करतो. त्याचे यकृत श्रोणीच्या हाडांशी एका स्नायूने जोडलेले असते. तो आकुंचन पावला की यकृत मागे ओढले जाते, फुप्फुसे त्यामागोमाग ताणली जातात आणि शरीराला तरंगवणाऱ्या हवेचे स्थान बदलते. यूटा विद्यापीठातील युरिओना व फार्मर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान ॲलिगेटरांच्या जबड्याला किंवा शेपटीच्या मुळाशी शिशाची वजने बांधून या स्नायूंचे कार्य नोंदवले होते. प्राणी बुडी मारताना व कूस बदलताना हे स्नायू सक्रिय असल्याचे त्यात आढळले. पर किंवा वल्ह्यासारखे पाय नसतानाही ॲलिगेटर जवळजवळ आवाज न करता पाण्यात आपली स्थिती बदलू शकतो, ते यामुळेच.

उडीसाठी लागणारी ऊर्जा प्रामुख्याने ऑक्सिजनविना चालणाऱ्या प्रक्रियेतून मिळते. स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचत असल्याने जोरदार हालचाल थोडाच वेळ टिकते व नंतर दीर्घ विश्रांती लागते. ॲलिगेटर शीतरक्ती असल्यामुळे थंडीत त्याची चपळताही घटते.

जमिनीवरील हालचाल

जमिनीवर ॲलिगेटर उंच उडी घेऊ शकत नाही. तो पुढे झेप घेतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात मगरींच्या कुळातील अनेक प्रजाती घोड्यासारख्या चौखूर धावताना आढळल्या, परंतु ॲलिगेटर व केमन यांच्यात ही चाल दिसली नाही. झाडावर चढणे मात्र त्याला जमते. मगरवर्गीय प्राण्यांच्या अशा चढण्याच्या नोंदी २०१४ मध्ये संकलित करण्यात आल्या.

भक्ष्य व पक्ष्यांच्या वसाहती

बगळे व करकोचे पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर घरटी बांधतात, आणि खाली ॲलिगेटर वावरत असतात. रॅकूनसारखे अंडी व पिल्ले खाणारे सस्तन प्राणी ॲलिगेटरमुळे अशा ठिकाणांपासून दूर राहतात, तर घरट्यांतून पडलेली पिल्ले ॲलिगेटरला मिळतात. एव्हरग्लेड्समधील २०१६ च्या अभ्यासानुसार वसाहतींखालील ॲलिगेटरांची शारीरिक स्थिती इतरत्र राहणाऱ्यांपेक्षा चांगली होती. कमी उंचीवरील घरटे उडीच्या टप्प्यात येऊ शकते, परंतु या सहजीवनात उडीपेक्षा आयत्या पडणाऱ्या पिल्लांचा वाटा मोठा असावा. घरटे बांधण्याच्या काळात ॲलिगेटर नाकावर काड्या ठेवून पक्ष्यांना आकर्षित करतात, असे डिनेट्स व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडले. चेन्नईजवळील मगर प्रकल्पातील भारतीय मगरींबाबतही त्यांनी तशीच निरीक्षणे नोंदवली. या निष्कर्षाबद्दल प्राणिशास्त्रज्ञांत एकमत नाही.

प्रदर्शन व सुरक्षितता

फ्लोरिडातील ऑर्लँडो येथे १९४९ पासून सुरू असलेल्या गेटरलँड या उद्यानात टांगलेल्या कोंबडीसाठी ॲलिगेटर उडी मारतात, असा कार्यक्रम प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड नदीवर पर्यटकांना दाखवल्या जाणाऱ्या उड्या खाऱ्या पाण्यातील मगरींच्या असतात. दोन्हींची चित्रे अनेकदा एकमेकांच्या नावाने प्रसृत होतात.

मोकळ्या पाण्यातील ॲलिगेटरला खाऊ घालणे फ्लोरिडात बेकायदेशीर आहे. माणसाकडून अन्न मिळू लागल्यास त्याची स्वाभाविक भीती मोडते आणि तो माणसाजवळ येऊ लागतो. असा प्राणी धोकादायक ठरल्यास त्याला पकडून बहुधा ठार केले जाते. पाण्यालगतचा कमी उंचीचा धक्का किंवा होडीची कड उडीच्या टप्प्यात येत असल्याने तेथून हात-पाय खाली सोडू नयेत, मासे साफ करून त्यांचे अवशेष पाण्यात टाकू नयेत आणि पाळीव कुत्र्यांना काठापासून दूर ठेवावे, अशी काळजी घेणे आवश्यक असते.