आंटवर्पच्या धक्क्यावरील गुरें

क्वारंटीन हा शब्द आपल्या घरोघरीं पोंचविला तो प्लेगानें. १८९६-९७ सालच्या त्या सांथीच्या ऐकीव गोष्टींत घरांच्या झडत्या, गांवाबाहेरच्या छावण्या आणि रेल्वेवरील तपासण्या यांच्या जोडीनें तो शब्द येतोच. मुळांत त्याचा अर्थ केवळ 'चाळीस' एवढाच. एड्रियाटिक समुद्रावरील रागूझा नगरानें १३७७ सालीं रोगग्रस्त मुलुखांतून येणाऱ्यांस तीस दिवस बाहेर ठेवण्याचा नियम केला. पुढें तिसांचे चाळीस झाले, आणि त्या संख्येचेंच इटालियन नांव प्रघातास पडलें. माणसांच्या या विलगवासाचा इतिहास बहुतेकांस थोडाफार ठाऊक असतो. जनावरांच्या विलगवासाचा तितका नसतो. आणि त्यांतील एका निर्णायक प्रसंगास हिंदुस्थानांतून निघालेलीं गुरें कारण झालीं, ही गोष्ट तर फारच थोड्यांस ठाऊक आहे.

प्रसंग असा. १९२० सालीं हिंदुस्थानांतून ब्राझीलकडे चाललेलीं वशिंडाचीं गुरें वाटेंत बेल्जममधील आंटवर्प बंदरांत उतरलीं. त्यांच्याबरोबर बुळकांडीही उतरली. पहिल्या महायुद्धांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या त्या लहानशा देशांत रोग गोठ्यागोठ्यांतून पसरूं लागला. बाधित जनावरें मारून आणि वाहतूक बंद करून तो थोड्याच महिन्यांत आटोक्यांत आणला गेला. परंतु तेवढ्यानें युरोपांतील सरकारें हादरून गेलीं.

हादरण्याचें कारण समजण्यासाठीं बुळकांडी म्हणजे काय हें जाणणें अवश्य आहे. हा गाईम्हशींचा सांसर्गिक ताप. तोंडांत व्रण पडतात, डोळ्यांनाकांतून स्राव वाहतो, हगवण लागते, आणि ज्या प्रदेशांत रोग नवा असतो तेथें दावणीच्या दावणी ओस पडतात. उलट जेथें तो पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला, तेथील देशी गुरांस, विशेषतः आपल्या मैदानी प्रदेशांतील गुरांस, तो पुष्कळदां सौम्य होऊन जातो. म्हणजे एका देशांत जें जनावर चार दिवस चारा टाकून पुन्हा उभें राहतें, तेंच परदेशीं जाऊन तेथील गोठे रिकामे करूं शकतें. जनावराकडे नुसतें पाहून त्यास प्रवेश द्यावयाचा की नाहीं हें ठरविणें अशा स्थितींत धोक्याचें होय. तें कोठून निघालें, वाटेंत कोणाच्या शेजारीं बांधलें गेलें, केव्हां आजारी पडलें, हें विचारलें पाहिजे. आणि जनावरास वाचा नसल्यामुळें तें कोणीतरी लिहून ठेविलें पाहिजे.

हा धडा इंग्लंडास त्यापूर्वींच फार महागांत मिळाला होता. १८६५ च्या मे महिन्याच्या अखेरीस बाल्टिक समुद्रावरील रेव्हेल बंदरांतून निघालेलें गुरांचें एक जहाज हल येथें लागलें. जूनमध्यें लंडनच्या गवळीवाड्यांतील गाई मरूं लागल्या. रोग कोणीं आणला याविषयीं मोठा वाद माजला. कोणी रेव्हेलच्या गुरांकडे बोट दाखवी, कोणी हॉलंडच्या गाईंकडे. जॉन गॅम्जी या पशुवैद्यानें परदेशी गुरांच्या मुक्त व्यापाराविषयीं आधींपासून इशारे दिले होते. ते आतां लोकांस आठवले. पण वादाचा निकाल लावावा कसा? उतरलेलीं गुरें निरनिराळ्या बाजारांत विकलीं जाऊन पांगलीं होतीं, कांहीं कसायाकडे गेलीं होतीं, आणि अमुक जनावर अमुक जहाजांतून आलें असें सांगणारें दप्तर कोठेंच नव्हतें.

त्याहून नामुष्कीची गोष्ट पुढेंच होती. देशाची किती हानि झाली हें सांगावयाचें तर आधीं देशांत गुरें होतीं किती हें ठाऊक पाहिजे. तेंही ठाऊक नव्हतें. मार्च १८६६ मध्यें ग्रेट ब्रिटनमधील गुरांची गणना झाली, आणि तेव्हांपासून तेथें शेती व जनावरें यांचे आंकडे दरसाल गोळा होऊं लागले. सरकारदरबारीं नोंदलेलीं मेलेलीं व मारलेलीं जनावरेंच तोंवर लाखांनीं मोजावीं लागत होतीं. म्हणजे घर जळत असतां घरांतील वस्तूंची यादी करावयास बसावें, तशांतला हा प्रकार झाला. तरी यादी झाली हें बरेंच झालें. त्याच वर्षीं बाधित जनावरें सक्तीनें मारण्याचा कायदा झाला व मालकास भरपाई देण्याची तरतूद त्यांत ठेविली गेली. १८७१ च्या अखेरीस लंडनजवळ डेप्टफर्ड येथें परदेशी गुरांसाठीं स्वतंत्र बाजार उघडला. तेथें उतरलेलें जनावर जिवंतपणीं बाहेर पडत नसे. दहा दिवसांच्या आंत तें तेथेंच कापलें जाई.

भरपाईच्या तरतुदीचें महत्त्व आम्हांस विशेष वाटतें. रोग लपविण्यांत मालकाचा फायदा आणि तो कळविण्यांत त्याचा सर्वनाश, अशी व्यवस्था जेथें असते तेथें नोंदवही कोरीच राहावयाची. खरी माहिती हवी असेल तर ती देणाऱ्याचें पोट आधीं सुरक्षित केलें पाहिजे.

हिंदुस्थानांतही याच सुमारास सरकारचें लक्ष या रोगाकडे वळलें. हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील गुरांच्या सांथींविषयींच्या मंडळाचा अहवाल १८७१ सालीं आला. १८८९ सालीं पुण्यास जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा निघाली. तीच पुढें १८९३ मध्यें कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथें गेली. १८९८ सालीं जनावरांच्या आयातीचा कायदा झाला. त्यानें परदेशांतून येणाऱ्या रोगसंशयित जनावरांवर निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारास मिळाला. कायदा नांवाप्रमाणें आयातीचा होता. येथून जाणाऱ्या जनावरांबरोबर कोणती खबर जावी हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा. आणि आंटवर्पला जो प्रश्न उभा राहिला तो नेमका हाच होता.

येथें एक शंका वाचकांच्या मनांत येईल. बुळकांडीची बाधा झाल्यापासून रोग दिसूं लागण्यास सामान्यतः तीन ते पंधरा दिवस लागतात. हिंदुस्थानापासून आंटवर्पपर्यंतचा जलप्रवास याहून अधिक दिवसांचा. मग समुद्रावरच विलगवास पुरा झाला असें कां म्हणूं नये? उत्तर सोपें आहे. जहाजांतील गुरें एकमेकांस खेटून बांधलेलीं असतात. पहिल्यास आज बाधा झाली, त्याच्यापासून शेजारच्यास दहा दिवसांनीं झाली, त्याच्यापासून तिसऱ्यास आणखी दहा दिवसांनीं, तर महिनाभरानेंही कळपांत रोग ताजाच असतो. म्हणून दिवस मोजावयाचे ते बंदर सोडल्यापासून नव्हे, तर कळपांतील शेवटचें जनावर आजारी पडल्यापासून. आणि तो दिवस कोणता हें कळावयाचें तर ताप, चारा सोडणें, मृत्यु यांची रोजच्या रोज टिपणी हवी. टिपणी नसेल तर चाळीस काय आणि साठ काय, दिवसांच्या संख्येला कांहींच अर्थ राहत नाहीं. क्वारंटीनच्या नियमांचें सारें मर्म आमच्या मतें येथें आहे.

आंटवर्पच्या घटनेनंतर १९२१ च्या मे महिन्यांत पॅरिस येथें अनेक राष्ट्रांची परिषद भरली, आणि तिचें फळ म्हणून २५ जानेवारी १९२४ रोजीं अठ्ठावीस राष्ट्रांनीं जनावरांच्या सांथींविषयींची आंतरराष्ट्रीय कचेरी स्थापिली. एमान्युएल लक्लँश हे तिचे पहिले संचालक. संयुक्त राष्ट्रसंघाहून वयानें वडील असलेली ही संस्था आजही पॅरिसमध्यें आहे. हिच्याजवळ ना सैन्य होतें, ना दंड करण्याचा अधिकार. मुख्य बंधन एवढेंच, कीं रोगमुक्त देशांत बुळकांडी किंवा लाळ्या-खुरकूत यांचा पहिला रोगी आढळतांच त्या सरकारानें तारेनें कळवावें. राष्ट्रांनीं आपल्या घरांतील आजार एकमेकांस सांगावा, हा करार वरवर साधा दिसतो. पण आपला माल अडेल या भीतीनें रोग लपविण्याची प्रवृत्ति जेथें स्वाभाविक, तेथें तो सामान्य नव्हता.

भीति अगदींच निराधार होती असेंही नाहीं. १८९२ सालीं ब्रिटननें फुप्फुसाच्या रोगाच्या संशयावरून कॅनडाच्या गुरांवर निर्बंध घातले. आमच्या गुरांत तो रोग नाहीं असें कॅनडा सांगत राहिला. निर्बंध उठविणारा कायदा होण्यास १९२२ साल उजाडलें. ब्राझीलांतही १९२१ मध्यें साओ पाउलो प्रांतांत बुळकांडी उद्भवली, आणि हिंदुस्थानी गुरांस तेथील दार बंद झालें. रोगाचा नियम व्यापाराची भिंत केव्हां होतो हें ओळखणें कठीण असतें. परंतु अशा वेळीं दुर्बळ पक्षाच्या हातीं विश्वासार्ह नोंदवहीवांचून दुसरें साधन तरी कोणतें आहे?

ब्राझीलला आपल्या गुरांचा मोह सुटला नाहीं. काठेवाडची गीर, गुजराथची कांकरेज आणि आंध्रांतील ओंगोल यांच्या वंशावर तेथील उष्ण प्रांतांतील पशुपालन उभें आहे. १९६२ सालीं भारतांतून नवीं जनावरें नेलीं गेलीं, तेव्हां तीं आधीं किनाऱ्यापासून सुमारें ३५० किलोमीटर दूर असलेल्या फर्नांडो दे नोरोन्या या बेटावर विलग ठेविलीं गेलीं. चाळीस वर्षांपूर्वींच्या आंटवर्पची आठवण त्या समुद्रांतल्या गोठ्यामागें होती.

बुळकांडी आतां जगांत नाहीं. भारतांत ती शेवटची १९९५ सालीं आढळली, आणि २०११ सालीं तिचें पृथ्वीवरून उच्चाटन झाल्याचें जाहीर झालें. मानवी प्रयत्नांनीं समूळ नाहींसा झालेला देवीनंतरचा हा दुसराच रोग. लशीनें तो हटविला हें खरें. पण तो हटला आहे हें सिद्ध केलें गांवोगांवच्या पाहणीनें, रक्ताच्या तपासण्यांनीं आणि त्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींनीं.

आज आपल्या खेड्यांत गाईच्या कानांत बारा आंकड्यांचा पिवळा बिल्ला दिसतो. कित्येकांस ती सरकारी कटकट वाटते, आणि जनावर विकतांना ती कटकट होतेही. परंतु २०१९ सालीं ओरिसांत प्रथम आढळलेला लम्पी त्वचारोग २०२२ मध्यें महाराष्ट्रांतील हजारों गोठ्यांत शिरला, तेव्हां बाजारांतून आणलेलें जनावर मूळचें कोठलें, हा हल बंदरावरचा प्रश्न आपल्या दारांतही उभा राहिला. त्याचें उत्तर त्या बिल्ल्याच्या आंकड्यापुढें कोणीतरी प्रामाणिकपणें लिहिलें असेल तरच सांपडावयाचें.