परसातील टाकी आणि गोल्फचा चेंडू



मुलाला खेळ शिकवावयाचा म्हटले, की आपल्या घरांत पहिला प्रश्न निघतो तो खर्चाचा. बॅट केवढ्याला, जाळी कोठे, शिक्षकाची फी किती! हा प्रश्न खोटा नाही. तथापि क्रिकेटमध्ये ज्याची सरासरी अद्याप कोणी गाठलेली नाही, त्याचे पहिले साहित्य परसदारीच जमले होते. त्या साहित्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

डोनाल्ड ब्रॅडमनचा जन्म १९०८ सालचा. १९११ मध्ये त्याचे कुटुंब ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात, बाउरल या लहानशा गावी राहावयास आले. वडील सुतारकाम करीत. घरामागे गोल विटांच्या चौथऱ्यावर ८०० गॅलनची पाण्याची टाकी होती. टाकीपासून कपडे धुण्याच्या खोलीच्या दारापर्यंत अंतर सुमारे ८ फूट. खाली सिमेंट, वर छप्पर. पावसातही खेळता येई. मुलाच्या एका हातात गोल्फचा चेंडू, दुसऱ्या हातात बॅटीऐवजी एक लहान स्टंप. चेंडू चौथऱ्यावर फेकावयाचा आणि उलटून आला की स्टंपने टोलवावयाचा, एवढाच खेळ.

आता या खेळातील मेख पाहा. गोल्फचा चेंडू क्रिकेटच्या चेंडूहून लहान, कठीण आणि वेगाने उसळणारा. चौथरा गोल, म्हणून तो कोणत्या बाजूस परतेल याचा नेम नाही. बॅट नियमाप्रमाणे सव्वाचार इंच रुंद असू शकते. स्टंप त्याच्या निम्माही नाही, शिवाय वाटोळा. विचार करावयास सवड नाही. डोळ्याने पाहावे आणि हाताने त्याच क्षणी उत्तर द्यावे. पुढे मैदानावर मोठा चेंडू बावीस यार्डांवरून रुंद बॅटीवर येऊ लागला, तेव्हा तो सोपा वाटला असल्यास नवल नाही. साहित्य अपुरे होते, म्हणूनच ते कठोर गुरू ठरले.

क्षेत्ररक्षणासाठीही युक्ती होती. दहापंधरा यार्डांवरून तो कुंपणाच्या वाटोळ्या आडव्या दांडीवर चेंडू मारी. नेम साधला तर चेंडू झेलावयास परत येई; चुकला तर आणावयास स्वतःच चालत जावे लागे. चुकीचा दंड पायांनी भरावयाचा! शाळा सुटल्यावर आई परसात डाव्या हाताने गोलंदाजीही करीत असे.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. १९३० साली लीड्स येथे ३३४ धावा. १९४८ साली निवृत्तीच्या वेळी ५२ कसोटींत सरासरी ९९.९४. त्याच १९४८ च्या जानेवारीत ॲडलेड येथे त्याने भारताविरुद्ध २०१ धावा काढल्या. आपल्या सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी त्याच सामन्यात दोन्ही डावांत शतके ठोकली, हेही येथे स्मरणे योग्य.

कोणी म्हणेल, भिंतीशी एकटे खेळून वाईट सवयी जडतात. आक्षेप रास्त आहे. ब्रॅडमन बॅट सरळ मागे न उचलता स्लिपच्या दिशेने तिरपी उचली. पुस्तकी शिक्षकाने ती खोड प्रथम मोडली असती. काही अभ्यासक मात्र तिचे मूळ त्या टाकीपाशीच शोधतात आणि तिलाच त्याचे बलस्थान मानतात. तेव्हा गुण कोणता आणि दोष कोणता, हे ठरविण्याची घाई शिक्षकांनी करू नये.

आणखी एक गोष्ट ब्रॅडमनने स्वतः लिहून ठेवली आहे. त्या वेळी ती केवळ करमणूक होती. मेंदू, डोळा व स्नायू यांचा मेळ त्यातून बसला असावा, हे त्यास मागाहून उमगले. सरावाला जुंपावयास कोणी त्याच्या मागे उभे नव्हते. मनातल्या मनात प्रसिद्ध खेळाडूंचे दोन संघ करून तो त्यांच्या वतीने खेळत असे.

प्रत्येक टाकीपाशी ब्रॅडमन निपजत नाही, हे मी जाणतो. परंतु संध्याकाळी भिंतीवर चेंडूचा ठकठक आवाज आला, की आपण प्रथम ओरडतो ते रंग खराब होतो म्हणून. भिंतीला रंग पुन्हा देता येतो. मुलाची ती संध्याकाळ पुन्हा देता येत नाही.