जागा शिल्लक नाही

भाड्याने घर मागायला आलेल्या माणसाला घालवून देण्याची सगळ्यात सोयीची रीत म्हणजे ‘अहो, कालच गेली जागा’ असं गोड बोलून सांगणं. समोरचा खोटं बोलतोय हे कळतं, पण सिद्ध कसं करणार?

अमेरिकेत याला एक साधं उत्तर सापडलं, त्याची ही गोष्ट.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६६ साली शिकागोत कृष्णवर्णीयांना कुठल्याही वस्तीत घर मिळावं म्हणून चळवळ केली. ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांची हत्या झाली आणि आठवड्याभरात, ११ एप्रिलला, घर देताना वंश, वर्ण, धर्म पाहण्यास बंदी करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली. त्या कारणांवरून रिकामी जागा ‘नाही’ म्हणून सांगणंही बेकायदा ठरलं. पण पुराव्याचं काय?

व्हर्जिनियातल्या रिचमंड शहराजवळ १९७८ साली एका संस्थेने दोन माणसं एकाच ठिकाणी चौकशीला पाठवली. कृष्णवर्णीय बाईंना उत्तर मिळालं, जागा नाही. गोऱ्या गृहस्थांना मिळालं, आहे की! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. बाईंना घर घ्यायचंच नव्हतं, मग त्यांचं नुकसान काय झालं, असा प्रश्न तिथे आला. न्यायालयाने १९८२ साली एकमताने सांगितलं की, खरी माहिती मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे. तो डावलला गेला, म्हणून बाई दावा लावू शकतात. हेवन्स रिअल्टी विरुद्ध कोलमन या नावाने हा खटला ओळखला जातो.

आता नकार बहुधा कागदावरून येतो. भाडेकरूची जुनी देणी, आधीची घरं यांचा अहवाल मागवून मालक ठरवतो. १९७० च्या एका कायद्यामुळे, अशा अहवालावरून नकार दिला तर तो देणाऱ्या कंपनीचं नाव सांगावं लागतं. साठ दिवसांत मागितली तर त्याची प्रत फुकट मिळते आणि चूक असेल तर दुरुस्तीही मागता येते. भेदभावाचा संशय असेल तर सरकारच्या गृहनिर्माण खात्याकडे वर्षाच्या आत तक्रार करता येते.

तिकडे असलेल्या आपल्या मुलाबाळांनी एवढं लक्षात ठेवावं. नकार आला की खट्टू होऊन पुढचं दार ठोठावण्याआधी ‘का’ म्हणून विचारावं, आणि उत्तर लेखी मागावं. तो ‘का’ विचारायचा हक्क मिळवायला फार माणसं झिजली आहेत.