जुन्नरच्या श्रेणी आणि विद्येचा पैसा

शिवनेरी म्हटले की आपल्याला शिवजन्म आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच डोंगराच्या कुशीत आणि भोवतालच्या लेण्याद्री, मानमोडीच्या कातळांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे काही व्यवहार कोरलेले आहेत. आज त्यांविषयी आम्हांस बोलावयाचे आहे. उद्योगधंद्यांनी शाळांना हात द्यावा असे हल्ली आपण फार ऐकतो. जुन्नरच्या व्यापाऱ्यांनी विद्येला तो कधीच दिला होता.

एका बाजूस नाणेघाटाची वाट, दुसऱ्या बाजूस कुकडी-मीनेची आणि आंबेगावकडील घोड नदीची खोरी. अशा जागी पेठ वसली नसती तरच नवल. येथल्या धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यापारी संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान केले. चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. विहार म्हणजे आजची शाळा नव्हे, हे मान्य. पण पावसाळ्यात भिक्षू एका जागी राहून पठण-पाठण करीत, आणि त्याला छप्पर, पाणी, अन्न लागेच.

खोली एकदा बांधून देता येते. दरवर्षीच्या खर्चाचे काय? जुन्नरला बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींत ठेवी ठेवल्याचा लेख आहे. त्यामागचा हिशोब नाशिकच्या लेण्यात अधिक स्पष्ट दिसतो. उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीत २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाचे २४० झाले. वर्षावासातील २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. मुद्दल परत करावयाचे नाही, व्याज तेवढे द्यावयाचे. हीच अक्षयनीवी.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्याकडे वळविण्यास सांगितले. त्यात शिक्षणही आले. चांगलेच झाले. तथापि याच दोन तालुक्यांतील एका शाळेत आम्ही संगणक चादरीखाली झाकलेले पाहिले. दुरुस्तीला पैसा नव्हता. दारावरची दात्याची पाटी मात्र लख्ख होती! धान्यविक्यांच्या लेखात एकाही शेटजीचे नाव नाही, श्रेणीचे आहे.

विणकरांनी पुढे व्याज थकविले असते तर? उषवदाताने त्याचीही तजवीज केली होती. ती ठेव निगमसभेत सर्वांसमक्ष जाहीर करून रीतीप्रमाणे दप्तरी नोंदविली होती.